‘मी फक्त एवढंच केलं’

(म्हसळा इथे झालेल्या युवा शिबिरातल्या भाषणाचं शब्दांकन)

 

आयोजकांनी मला विषय दिला आहे ‘गुन्हेगाराचं मन’. मी मानसशास्त्र शिकवतो. गेली काही वर्षं पोलिस केसमध्ये अडकलेल्या मुलांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलण्याचं कामही करतो. त्यामुळे विषय माझा आहे. पण म्हसळ्यात उभं राहून या विषयावर बोलायचं, तर अमेरिकेतल्या एखाद्या खुन्याची गोष्ट सांगून चालणार नाही. माझं बालपण याच तालुक्यात गेलं. इथून गोंडघर फाटा जवळ आहे, दिघी जवळ आहे, शेखाडीही फार लांब नाही. या तीन नावांबद्दल आपल्या घरांत सहसा बोललं जात नाही. आज बोलू या.

आधी एक जुनं उत्तर बाजूला काढतो. माणूस गुन्हा का करतो? ‘कारण तो मुळातच तसा असतो.’ हे उत्तर एकेकाळी शास्त्र म्हणून शिकवलं जायचं. इटलीतला लोम्ब्रोसो नावाचा डॉक्टर 1876 साली पुस्तक लिहून सांगू लागला की गुन्हेगार जन्मतःच वेगळा असतो, त्याच्या कवटीवरून, जबड्यावरून तो ओळखता येतो. आपल्याकडे इंग्रजांनी त्याच्याही आधी, 1871 साली, गुन्हेगार जमातींचा कायदा केला. काही जातीजमातींमध्ये जन्म घेणं हाच गुन्ह्याचा पुरावा ठरला. महाराष्ट्रातल्या पारध्यांसारख्या जमातींना हजेरी लागली, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआड वसाहती झाल्या. तो कायदा 1952 साली गेला. कवटीचं शास्त्र तर त्याच्याही आधी खोटं ठरलं होतं. पण पारध्याच्या पालावर आजही चोरी झाली की पहिली धाड पडते.

हे मी दुसऱ्यांचं दुःख म्हणून सांगत नाही. 1994 साली मी शिकायला मुंबईला गेलो तेव्हा खोली शोधत होतो. घरमालकांनी नाव विचारलं, मग गाव विचारलं. मी म्हटलं, म्हसळा, श्रीवर्धनच्या अलीकडे. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘उद्या कळवतो.’ तो उद्या आला नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरात अशी एखादी गोष्ट असेल. ‘हे लोकच तसे’ हे वाक्य आपल्याला कसं लागतं ते आपण जाणतो. म्हणून दुसऱ्या कुणाबद्दल, पारध्याबद्दल, बिहारहून आलेल्या मजुराबद्दल, ते आपल्या तोंडून निघता कामा नये.

दुसरं उत्तर आजाराचं. ‘डोकं फिरलं असेल.’ असं खरंच कधी कधी असतं. 1968 साली मुंबईत रामन राघवला पकडलं. फुटपाथवर, झोपड्यांत झोपलेल्या माणसांना त्याने ठेचून मारलं होतं. मनोविकारतज्ज्ञांनी त्याला तपासलं तेव्हा त्याला स्किझोफ्रेनियाचा गंभीर, जुना आजार असल्याचं दिसलं. पुढे त्याची फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली. अशी माणसं असतात, पण फार थोडी. मानसिक आजार असलेली बहुतेक माणसं कुणालाही इजा करत नाहीत. उलट त्यांनाच इजा होण्याची भीती जास्त असते. त्यामुळे घरात कुणाला असा आजार असेल तर त्याला डॉक्टरकडे न्या, त्याच्याकडे गुन्हेगार म्हणून पाहू नका.

आता राहतात ती बाकीची माणसं. ना जन्माने वेगळी, ना आजारी. तुमच्या-माझ्यासारखी. त्यांचं काय?

इथे मी आपल्या किनाऱ्याकडे येतो.

मोठ्या माणसांना आठवत असेल, एकेकाळी या किनाऱ्यावर माल ‘उतरायचा’. सोन्यावर निर्बंध होते, चांदीला भाव होता, परदेशी घड्याळांचं, कापडाचं वेड होतं. रात्री होडी लागायची, माणसं पेट्या वाहायची, सकाळी हातात चांगली मजुरी असायची. माझ्या एका मामूंनी मला दहावीच्या वेळी घड्याळ दिलं होतं. दुबईला आमचं कुणी नव्हतं. घड्याळ आलं कुठून, हे मी विचारलं नाही. विचारायचं नसतं, हे मला कुणी न शिकवताच कळलं होतं.

सदरलँड नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने 1939 साली हेच मांडलं. गुन्हा शिकला जातो, तोही जवळच्या माणसांकडून. काम कसं करायचं एवढंच त्यात शिकतात असं नाही. ते काम म्हणजे गुन्हा का नाही, हेही शिकतात. आमच्याकडे ते एका वाक्यात शिकवलं जायचं: ‘कुणाच्या घरची चोरी थोडीच आहे? सरकारची जकात तेवढी चुकते.’ हे म्हणणारी माणसं खोटारडी नव्हती. उधारी वेळेवर फेडणारी, शेजाऱ्याच्या मयताला सगळ्यांत आधी जाणारी माणसं होती.

मग 6 डिसेंबर 1992 आला. बाबरी मशीद पाडली गेली. मुंबईत डिसेंबरमध्ये आणि पुन्हा जानेवारीत दंगली झाल्या. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार 900 माणसं गेली. त्यांत 575 मुसलमान होते, 275 हिंदू.

जानेवारी 1993 मध्ये, मुंबई जळत असतानाच, दिघीला एक माल उतरला. तो घेऊन निघालेल्या गाड्या आपल्याच तालुक्यात, गोंडघर फाट्यावर, पोलिसांनी अडवल्या. घासाघीस झाली. रोख रक्कम हाताशी नव्हती, म्हणून तारण म्हणून चांदीच्या विटा ठेवून घेतल्या आणि गाड्या सोडल्या. त्या मालात शस्त्रं होती. फेब्रुवारीत दिवेआगर आणि श्रीवर्धनच्या मधल्या शेखाडीला दोनदा माल उतरला. त्यात आरडीएक्स होतं, हातबॉम्ब होते, रायफली होत्या. कस्टम्सच्या अधिकाऱ्यांनी डोळे मिटले. वाटेत एका टॉवरच्या आवारात माल जीपगाड्यांच्या चोरकप्प्यांत भरला गेला. 12 मार्चला, रमजानच्या एका शुक्रवारी, मुंबईत दुपारी बारा ठिकाणी स्फोट झाले. शेअर बाजार, एअर इंडियाची इमारत, सेंच्युरी बाजार, झवेरी बाजार. 257 माणसं मेली, सातशेहून जास्त जखमी झाली. मरणाऱ्याचा धर्म आरडीएक्स विचारत नाही.

खटला वर्षानुवर्षं चालला. विशेष टाडा न्यायालयाने 100 जणांना दोषी ठरवलं, 23 जण सुटले. 21 मार्च 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. दोषींत टायगर मेमनची माणसं होती, तशी इथली माल उतरवून घेणारी माणसंही होती. कस्टम्सचे अधिकारी होते, पोलिस होते. त्यांत मुसलमान होते आणि हिंदूही होते.

आता मानसशास्त्राच्या चष्म्यातून त्या साखळीकडे बघा. कट रचणारे थोडे होते. त्यांना काय करायचंय ते पक्कं माहीत होतं. पण त्यांचं काम पुढे सरकलं ते बाकीच्यांमुळे. एकाने होडीतून पेटी उतरवली. एकाने गाडी चालवली. एकाने फाटक उघडलं. एकाने फाट्यावर गाडी सोडली. त्यांच्यातल्या किती जणांना पेटीत काय आहे ते माहीत होतं, हे न्यायालयाने एकेकाबाबत तपासलं. पण माहीत नसलं, तरी विचारलं का नाही? कारण न विचारण्याची सवय वर्षानुवर्षं झालेली होती. चांदीने तयार केलेल्या वाटेवरून आरडीएक्स आलं.

स्टॅन्ली मिलग्रामचा प्रयोग तुमच्यापैकी काहींनी वाचला असेल. प्रयोगशाळेत साहेब सांगतो आणि सामान्य माणूस दुसऱ्याला विजेचे झटके देत जातो. झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. 40 पैकी 26 जण शेवटच्या बटणापर्यंत गेले. हे पुष्कळांना माहीत असतं. त्याच प्रयोगाचा दुसरा एक प्रकार कमी सांगितला जातो. त्यात बटण दाबण्याचं काम दुसऱ्याकडे दिलं आणि या माणसाकडे फक्त मदतीचं, किरकोळ काम ठेवलं. तेव्हा 40 पैकी 37 जण शेवटपर्यंत बसून राहिले. काम वाटून दिलं की प्रत्येकाच्या वाट्याला एवढीशीच जबाबदारी येते आणि ती कुणालाच जड होत नाही.

आणखी एका अभ्यासकाचं काम मला महत्त्वाचं वाटतं. डोनाल्ड क्रेसी तुरुंगात जाऊन अफरातफर केलेल्या कैद्यांशी बोलला. 1953 साली त्याचं पुस्तक आलं. आपल्याला वाटतं, माणूस आधी चोरी करतो आणि मग सबब शोधतो. क्रेसीला दिसलं की सबब आधी येते. ‘मी चोरत नाही, उसने घेतोय, पगार झाला की परत ठेवीन.’ हे वाक्य मनात तयार झाल्यावरच हात गल्ल्यात जातो. चार वर्षांनी, 1957 मध्ये, साइक्स आणि मात्झा या दोघांनी गुन्हा करणाऱ्या मुलांची अशी वाक्यं पाच गटांत मांडली. आपल्या भाषेत सांगतो:

‘माझ्या हातात काय होतं? मी हुकमाचा ताबेदार.’

‘कुणाचं काय बिघडलं?’

‘त्याला तसंच पाहिजे होतं.’

‘मला शिकवणारे स्वतः किती धुतल्या तांदळाचे आहेत?’

‘मी माझ्यासाठी केलं नाही. दोस्तासाठी केलं, घरासाठी केलं, कौमसाठी केलं.’

या अभ्यासकांचं म्हणणं असं, की या मुलांना चांगलं-वाईट कळतं. त्यांना लाजही वाटते. म्हणूनच त्यांना वाक्य लागतं. ज्याला काहीच वाटत नाही त्याला सबबीची गरज नसते.

आता शेवटची तीन वाक्यं पुन्हा ऐका आणि 1993 आठवा. दंगलीत अन्याय झाला होता. तो खरा होता, न्यायमूर्ती श्रीकृष्णांनी तो लिहून ठेवला आहे. दंगली आणि स्फोट यांचा कार्यकारण संबंधही त्यांनी नोंदवला आहे. त्या अहवालावर जेवढी कारवाई व्हायला हवी होती तेवढी झाली नाही, ही आपली तक्रार रास्त आहे आणि ती सनदशीर मार्गाने मांडत राहिलं पाहिजे. पण सेंच्युरी बाजारच्या स्टॉपवर बसची वाट पाहणाऱ्या माणसाने कुणाची मशीद पाडली होती? खऱ्या जखमेवर खोटं वाक्य बसवलं की ते फार घट्ट चिकटतं. ‘कौमसाठी’ म्हणून जे केलं गेलं त्याची किंमत कौमने किती वर्षं भरली, ते खोली शोधणाऱ्या कुठल्याही कोकणी मुलाला विचारा.

कारण समजून घेणं म्हणजे माफ करणं, असं कुणी समजू नये. डॉक्टर रोगाचं कारण शोधतो तेव्हा तो रोगाची बाजू घेत नसतो.

ही गोष्ट आपल्याला नवी वाटू नये. यूसुफ अलैहिस्सलाम यांच्या भावांची हकीकत आपण लहानपणापासून ऐकतो. भावाला दूर करायचं ठरवतानाच त्यांनी मनाशी पुढचंही ठरवलं होतं, की हे एकदा झालं की मग आपण नेक होऊन राहू. गुन्ह्याच्या आधी सबब तयार होती. आणि रक्त लावलेला सदरा बघून वडिलांनी जे ओळखलं ते हेच, की तुमच्या नफ्सने ही गोष्ट तुम्हाला सोपी करून दाखवली आहे.

आता आजकडे येतो. किनाऱ्यावर चांदी उतरत नाही. आज काय उतरतं ते मोबाइलमध्ये उतरतं.

काही दिवसांपूर्वी माझ्याकडे एक मुलगा आला. ओळख लपवण्यासाठी तपशील बदलून सांगतो. बारावी झालेला, दुबईच्या व्हिसाची वाट बघणारा. ओळखीतल्या एकाने त्याला म्हटलं, तुझं बँक खातं पडूनच आहे, आम्हाला वापरायला दे. पासबुक, एटीएम कार्ड आणि एक सिमकार्ड. महिन्याला पाच हजार. ‘धंद्याचे पैसे फिरवायचेत, टॅक्सचा प्रॉब्लेम आहे.’ त्याने दिलं. तीन महिन्यांनी खातं गोठलं आणि दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांची नोटीस दारात आली. कुठल्यातरी शहरातल्या एका निवृत्त माणसाला फोनवर घाबरवून लुबाडलं होतं आणि ते पैसे या खात्यातून गेले होते.

त्याची अम्मी शेजारी बसून रडत होती. तो खाली बघून एकच वाक्य म्हणत होता, ‘सर, मी फक्त खातं दिलं.’

मला गोंडघर फाटा आठवला. मी फक्त गाडी सोडली. मी फक्त पेटी उचलली. मी फक्त घड्याळ घातलं.

मी त्याला विचारलं, ‘पाच हजार कशाचे मिळतात, असं तुला कधी वाटलं नाही?’ तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘वाटलं होतं. पहिल्याच दिवशी वाटलं होतं. पण मग वाटलं, माझं काय जातंय.’ मित्रांनो, माझं सगळं भाषण त्या मुलाने या तीन वाक्यांत सांगितलं आहे. वाटलं होतं. मनात घंटा वाजली होती. मग एक वाक्य आलं आणि घंटा बंद झाली.

तुमच्याही कानावर अशी वाक्यं येतील. परदेशी निघालेल्याला कुणी म्हणेल, ‘एवढं पाकीट घेऊन जा, तिकडे माणूस येईल.’ कुणी म्हणेल, ‘पुडी फक्त पोचवायची, तू थोडाच पितोस?’ कुणी मेसेज पाठवून म्हणेल, ‘फक्त फॉरवर्ड कर.’ तेव्हा तीन प्रश्न विचारा. कामाच्या मानाने पैसे जास्त का आहेत? आत काय आहे, हे विचारलं तर समोरचा चिडतो का? आणि हे मी अब्बांना, अम्मीला, आपाला जेवताना सांगू शकतो का? तिसऱ्या प्रश्नाला जीभ अडखळली तर उत्तर मिळालं.

आणि जो आधीच अडकला आहे त्याचं काय? टेरी मॉफिट या मानसशास्त्रज्ञ बाईंचा एक गाजलेला लेख, योगायोगाने 1993 सालचाच. त्यांचं म्हणणं असं, की वाकडं पाऊल टाकणाऱ्या मुलांचे दोन गट असतात. लहानपणापासून आयुष्यभर त्याच वाटेवर राहणारी फार थोडी. बहुतेक मुलं त्या वयापुरती वाकडी जातात आणि मोठी झाली की सावरतात. मात्र मध्ये सापळे असतात: सुटलेलं शिक्षण, व्यसन, तुरुंग. सापळ्यात अडकलेला मुलगा वय वाढलं तरी बाहेर येऊ शकत नाही. म्हणजे आपलं काम काय? त्याला सापळ्यात ढकलायचं नाही. घराबाहेर काढणं, ‘तोंड दाखवू नको’ म्हणणं, मोहल्ल्यात त्याचं नावच ‘तो केसवाला’ ठेवणं, हे सगळं ढकलणंच आहे. लोम्ब्रोसोला आपण हसलो. पण असं नाव ठेवतो तेव्हा आपण त्याचेच चेले असतो.

इथे मानसशास्त्राची मर्यादाही सांगायला हवी. महाराष्ट्राच्या तुरुंगांत मुसलमानांचं प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने खूप जास्त आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या विजय राघवन आणि रोशनी नायर यांनी या कैद्यांचा अभ्यास केला. बहुतेक जण तरुण, गरीब, कमी शिकलेले होते आणि संघटित टोळ्यांशी त्यांचा संबंध नव्हता. कोण पकडला जातो, कोणाला जामीन मिळतो, कोणाला वकील परवडतो, हे मनाच्या अभ्यासातून कळत नाही. त्यासाठी कायदा आणि हक्क माहीत असावे लागतात.

म्हणून एवढं लिहून घ्या. खात्याचा गैरवापर झाल्याचं कळलं तर लपवू नका. 1930 या सायबर हेल्पलाइनवर कळवा, बँकेला लेखी द्या, पोच घ्या. अटकेत असलेल्या प्रत्येकाला, तसंच कुठल्याही आरोपातल्या स्त्रियांना आणि मुलांना, 1987 च्या कायद्याने मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. मुलगा अठराच्या आतला असेल तर त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, त्याला मोठ्यांच्या कोठडीत ठेवता येत नाही.

तो मुलगा नंतर वकिलासोबत गेला. ज्याने खातं मागितलं त्याचं नाव त्याने सांगितलं. हे सोपं नव्हतं, ओळखीतला माणूस होता. केस अजून चालू आहे, व्हिसा लांबला आहे. तो सध्या एका दुकानात काम करतो. मागच्या भेटीत म्हणाला, ‘सर, माझ्या मित्राकडे परवा असंच कुणीतरी खातं मागायला आलं होतं. मी त्याला माझी नोटीस दाखवली.’

ते घड्याळ माझ्याकडे अजून आहे. चालत नाही. मामू आता हयात नाहीत, त्यामुळे जो प्रश्न तेव्हा विचारला नाही तो आता कुणाला विचारणार? तुमची माणसं हयात आहेत. विचारा.